किराळ : ज्वारीच्या हिरव्या पानातील विषाचा शोध

१/
धडधाकट बैल ज्वारीच्या शेतात शिरतो. पाच-दहा मिनिटे कोवळी, हिरवी धाटे अधाशासारखी खातो. मग एकाएकी धापा टाकू लागतो, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात आणि तो जागीच कोसळतो. कित्येकदा तासाभरात सारे संपते. अंगावर जखम नाही, सर्पदंशाची खूण नाही. महाराष्ट्रातील शेतकरी याला ‘किराळ लागणे’ म्हणतात. या मृत्यूचे नेमके कारण कळण्यासाठी १९०२ साल उजाडावे लागले. तोवर ‘जनावर कोणी मारले?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा माणसांत शोधले गेले. हा त्या उत्तराचा इतिहास आहे. त्याची सुरुवात कुरुंदवाडच्या शिवारातून करू.

२/
कुरुंदवाड हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील गाव. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम जिथे होतो, ती नृसिंहवाडी येथून जवळच. पटवर्धन घराण्याच्या एका शाखेचे हे संस्थान. १८५४ मध्ये त्याची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी वाटणी झाली. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर ते मुंबई प्रांतात विलीन झाले. इतिहासाच्या पुस्तकांत कुरुंदवाड भेटते ते या पटवर्धनी संदर्भात. पण तोफा ओढणारे, मोटा ओढणारे आणि नांगर ओढणारे बैल काय खात होते, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे.

३/
या मुलखाची एक गंमत आहे. पश्चिमेकडे गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर पाऊस अक्षरशः कोसळतो, आणि पूर्वेकडे सरकत शिरोळपर्यंत येताना तो विरळ होत जातो. त्यामुळे नदी दुथडी भरून वाहते आणि तिच्याच काठापासून थोड्या अंतरावरचे काळे रान पावसाची वाट पाहत असते. नदीकाठची मळीची जमीन वेगळी आणि वरचे जिराईत रान वेगळे. पाटाचे पाणी येण्यापूर्वी अशा जिराईत रानांचा आधार होता जोंधळा, म्हणजे ज्वारी. पावसाने ओढ दिली तरी तग धरणारे हे पीक. आणि तग धरण्याच्या याच काळात ते सर्वाधिक विषारी होते.

४/
ज्वारीने माणसाला भाकरी दिली, तसा जनावराला कडबा दिला. दख्खनच्या शेतीत कडब्याच्या गंजीवर घराची पत ठरत असे. उन्हाळाभर बैल जगवायचा तो या वाळल्या धाटांवर. हिरव्या वैरणीसाठी दाट पेरलेली ज्वारी वेगळी, तिला ‘कडवळ’ म्हणतात. म्हणजे एकच वनस्पती तीन रूपांत गोठ्यात येत असे : वाळलेला कडबा, कापलेले कडवळ आणि कापणीनंतर सडाला फुटलेले कोवळे फुटवे. पहिले रूप निर्धोक, दुसरे वेळ पाहून द्यायचे आणि तिसरे अत्यंत धोक्याचे. जुन्या शेतकऱ्याला हा फरक ठाऊक होता. का, ते ठाऊक नव्हते.

५/
त्याचे नियम साधे होते. पोटरीत येण्यापूर्वीची ज्वारी जनावराला घालू नये. पावसाच्या खंडाने खुरटलेल्या पिकात गुरे सोडू नयेत. खंडानंतर पाऊस पडून नवी फूट आली असेल तर काही दिवस थांबावे. कापलेल्या शेताच्या सडावरील हिरवे फुटवे दिसायला लुसलुशीत असले तरी गुरे तिकडे वळू देऊ नयेत. उपाशी बैल थेट हिरव्यात सोडू नये, आधी त्याला वाळली वैरण घालावी. चरण्यापूर्वी गवत ‘तपासणे’ म्हणजे काय, तर पिकाचे वय, पावसाचा हिशेब आणि जनावराची भूक या तीन गोष्टी डोळ्यांनी मोजणे.

६/
या तपासणीचे वैशिष्ट्य असे की तिच्यात वनस्पतीचे नाव पुरेसे नसे. घाणेरी किंवा धोतऱ्यासारखी झुडपे वर्षभर वाईटच; ती ओळखली की काम भागते. ज्वारीचे तसे नाही. तीच ज्वारी आषाढात मारते आणि मार्गशीर्षात जगवते. म्हणून हे ज्ञान काळाशी जोडलेले होते, आणि काळाशी जोडलेले ज्ञान शिकवायला जवळ माणूस लागतो. गुराख्याच्या पोराला बांधावर उभे करून म्हाताऱ्याने ‘अजून दहा दिवस थांब’ असे सांगावे, अशी ती शाळा होती.

७/
ही शाळा दुष्काळात कोलमडत असे. १८७६–७८ च्या महादुष्काळाने दख्खन होरपळली. त्यानंतर १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ आले. कडबा संपला, कुरणे करपली, माणसेच उपाशी होती तिथे गुरांचे काय! अशा वेळी रानात हिरवे काही उरले असेल तर ते पावसाअभावी खुरटलेले ज्वारीचे पीक. म्हणजे विष वाढवणारी परिस्थिती आणि नियम मोडायला लावणारी परिस्थिती एकच होती. ज्या वर्षी शेतकऱ्याला बैल गमावणे सर्वांत कमी परवडणारे, त्याच वर्षी किराळीचा धोका सर्वांत मोठा.

८/
आता इतिहासाची दुसरी बाजू. अचानक मेलेले जनावर हा एकोणिसाव्या शतकात फौजदारी प्रश्नही होता. १८५४ च्या सुमारास उत्तर भारतात, बनारस-आझमगढच्या भागात, गुरांवर विषप्रयोग होत असल्याची जोरदार आवई उठली. आरोप चामड्याचे काम करणाऱ्या चांभार समाजावर : कातड्यासाठी हे लोक गुरे मारतात, असा. संपूर्ण समाजाकडे गुन्हेगार म्हणून पाहिले गेले. गुरांचे मृत्यू मात्र अनेक कारणांनी होत होते, आणि त्यांत बुळकांडीसारखी भयंकर साथ प्रमुख होती.

९/
विषप्रयोग मुळीच होत नव्हते, असे नाही. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अध्यापक आय. बी. लायन यांनी १८८९ मध्ये भारतासाठी न्यायवैद्यकावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळच्या न्यायवैद्यकाच्या नोंदींत सोमल देऊन किंवा गुंजेच्या बियांची सुई टोचून गुरे मारल्याची प्रकरणे आढळतात. सोमल प्रयोगशाळेत सापडत असे. खनिज विष महिनोन्‌महिने टिकते. किराळीचे विष तसे नाही. ते उडून जाणारे आहे. नमुना दूरच्या मुंबईला पोहोचेपर्यंत पुरावाच हवेत विरून जाण्याची शक्यता मोठी.

१०/
सोमल सापडला नाही म्हणून संशय संपत नसे. गावगाड्यात मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांवर लादलेले काम होते आणि त्याच्या कातड्यावरील हक्क हा त्याचा तुटपुंजा मोबदला. मृत्यूनंतर ज्याच्या हाती काही पडते, त्याच्याकडे बोट दाखवणे सोपे असते. त्यामुळे गुरे मेली की संशय गावाबाहेरच्या वस्तीकडे वळत असे. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला झालेल्या परिषदेत मृत जनावरे ओढण्याचे आणि मृतमांस खाण्याचे सोडण्याचा आग्रह धरला गेला. त्या आग्रहामागे स्वाभिमानाचा प्रश्न होता. या कामाला चिकटलेला संशयही त्याच जोखडाचा भाग होता.

११/
जनावर कशाने मेले हे शास्त्रशुद्धपणे शोधणाऱ्या संस्था भारतात उशिरा आल्या. जे. एच. बी. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील गुरांच्या साथींविषयीच्या आयोगाचा अहवाल १८७१ चा. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले १८८६ मध्ये. १८८९ मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. पुढे ती कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलवण्यात आली आणि तिचीच परिणती आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत झाली. या संस्थांचे पहिले लक्ष्य साथीचे रोग हेच होते. वैरणीतील विष हा विषय मागच्या बाकावर राहिला.

१२/
तरीही काहींनी ज्वारीकडे पाहिले. १८९५ मध्ये अमेरिकेतील कॅन्ससमध्ये एन. एस. मेयो यांनी मक्याची धाटे खाऊन मेलेल्या गुरांच्या प्रकरणात धाटांत चक्क सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, असल्याचे दाखवले. पुढे भारतात पशुवैद्य एच. टी. पीझ यांनी ज्वारीने होणाऱ्या विषबाधेवर लिहिले. त्यांचाही कल नायट्रेटकडे होता. हे उत्तर अर्धे बरोबर होते. खुरटलेल्या ज्वारीत नायट्रेट खरोखरच साचते. पण काही मिनिटांत येणाऱ्या मृत्यूचा उलगडा त्यातून होत नव्हता.

१३/
उलगड्याची वाट आली नाईल नदीच्या खोऱ्यातून. इजिप्त-सुदानकडे एक लहानशी शेंगवर्गीय वनस्पती उगवते, लोटस अरेबिकस. ती कोवळी असताना खाल्ली की घोडे, मेंढ्या, शेळ्या मरतात. बी पक्व झाल्यावर मात्र तीच वनस्पती चारा म्हणून चालते. लंडनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये विंडहॅम डनस्टन आणि थॉमस अँडरसन हेन्री यांनी तिचा अभ्यास केला. कोवळ्या पानांत एक साखरयुक्त संयुग निघाले. पान चुरडले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचे उडून जाणारे रूप, मोकळे होत होते. ‘कोवळे मारते, पिकलेले तारते’ हा ज्वारीचाच नियम नव्हता का?

१४/
१९०२ मध्ये त्याच दोघांनी ज्वारीवरील निबंध प्रसिद्ध केला. कोवळ्या ज्वारीतही तसेच संयुग सापडले. ज्वारीला अरबीत ‘धुरा’ म्हणतात, त्यावरून त्याचे नाव पडले ‘धुरिन’. हायड्रोसायनिक आम्ल स्वतः रसायनशास्त्राला नवे नव्हते. स्वीडनच्या कार्ल शेले यांनी १७८२ मध्येच ते ‘प्रशियन निळ्या’ रंगापासून तयार केले होते, म्हणून त्याला प्रुसिक आम्ल असेही म्हणतात. नवे होते ते हे की दख्खनच्या गरिबाचे धान्य देणारी वनस्पती आपल्या कोवळ्या पानांत हेच आम्ल कुलूपबंद करून ठेवते.

१५/
‘कुलूपबंद’ हा शब्द येथे अचूक बसतो. जिवंत पानात धुरिन एका कप्प्यात असते आणि त्याला फोडणारे विकर दुसऱ्या कप्प्यात. दोघांची गाठ पडत नाही तोवर पान निरुपद्रवी. बैलाने घास चावला की कप्पे फुटतात, विकर धुरिनवर तुटून पडते आणि विषारी आम्ल मोकळे होते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील ओलावा आणि सूक्ष्मजीव या क्रियेला आणखी वेग देतात. म्हणून बैल, गाय, म्हैस यांना धोका अधिक. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. भरल्या हवेत जनावर गुदमरते.

१६/
आकडा पाहिला की वेग समजतो. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम आम्ल जीवघेणे ठरते. ४०० किलोच्या बैलाला ८०० मिलिग्रॅम पुरतात. हिरव्या वैरणीत दर किलोमागे २०० मिलिग्रॅम आम्ल असेल तर तिला धोकादायक मानतात. म्हणजे अशी केवळ ४ किलो वैरण भराभर पोटात गेली तरी बैल जाऊ शकतो, आणि भुकेल्या बैलाला ती संपवायला फार वेळ लागत नाही. हळूहळू खाल्ले तर शरीर काही विष निष्प्रभ करते. ‘उपाशी जनावर सोडू नये’ या नियमामागचे गणित हेच.

१७/
आता एकेका जुन्या नियमाला कारण मिळाले. धुरिन कोवळ्या पानांत आणि नव्या फुटव्यांत सर्वाधिक असते. पीक फुलोऱ्याकडे जाते तसे त्याचे प्रमाण घटते. पाण्याचा ताण पडला की वाढ खुंटते आणि विष साचते. कापलेली धाटे उन्हात वाळवली की आम्लाचा बराचसा भाग उडून जातो, आणि पक्व कडब्यात ते मुळात कमीच उरलेले असते. बांधावर माजणारे बरू हे ज्वारीचेच रानटी भावंड, म्हणून त्याचीही खोड तशीच. लंडनच्या प्रयोगशाळेने जे सिद्ध केले ते आणि बांधावरच्या म्हाताऱ्याने जे सांगितले ते, दोन्ही एकमेकांना छेद देत नव्हते.

१८/
कारण कळले, पण शेतातला नमुना झटपट तपासायचा कसा? १९०६ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेओं गिन्यार यांनी सोपी युक्ती दिली. सोडियम पिक्रेटच्या द्रावणात बुडवलेली कागदाची पट्टी पिवळी असते. बारीक चिरलेली पाने परीक्षानळीत घालायची, क्लोरोफॉर्मचे दोन थेंब टाकायचे, पट्टी आत लोंबकळती ठेवून बूच घट्ट बसवायचे. आम्ल बाहेर पडत असेल तर पिवळी पट्टी विटकरी लाल होत जाते. काही मिनिटांतच लाल झाली तर ती वैरण जनावरापुढे नेऊ नये. पुढे पशुवैद्यकीय प्रयोगशाळांत ही चाचणी रूढ झाली.

१९/
नायट्रेटचे कोडे मात्र सुटायचे होते. १९३९–४० च्या सुमारास अमेरिकेतील वायोमिंगमध्ये ब्रॅडली, एप्सन आणि बीथ यांनी ओटच्या वाळल्या चाऱ्याने मरणाऱ्या गुरांचा छडा लावला. पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप बदलते आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. म्हणजे मेयो आणि पीझ यांना दिसलेले विषही खरेच होते. एकाच खुरटलेल्या ज्वारीत दोन विषे नांदू शकतात : पानांत सायनाइड, धाटाच्या बुडख्यात नायट्रेट. वाळवल्याने पहिले घटते, दुसरे तसेच राहते.

२०/
दोघांतला फरक ओळखणे जीवनमरणाचा प्रश्न ठरतो. सायनाइडने रक्त लालभडक होते, नायट्रेटने ते चॉकलेटी-तपकिरी होते. सायनाइडवर १९३० च्या दशकात जो उतारा रूढ झाला त्यात सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट यांची जोडी असते. नायट्राइट हिमोग्लोबिनचे थोडे रूपांतर करते आणि ते बदललेले हिमोग्लोबिन सायनाइडला पकडून ठेवते. हेच नायट्राइट नायट्रेटने बाधलेल्या बैलाला टोचले तर त्याचे उरलेसुरले रक्तही निकामी होईल. त्याला मेथिलीन ब्लू लागते. एका विषाचा उतारा म्हणजेच दुसरे विष. म्हणून गूळपाणी पाजत बसण्यापेक्षा पशुवैद्याला तातडीने बोलावणे श्रेयस्कर.

२१/
पुन्हा कुरुंदवाडला येऊ. विसाव्या शतकात येथील शिवार पालटले. शाहू महाराजांच्या काळात सुरू झालेले राधानगरी धरण स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले, भोगावतीचे पाणी पंचगंगेतून खाली येऊ लागले. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी ते अडवले आणि उपसा योजनांनी ते रानात चढवले. जोंधळ्याची जागा उसाने घेतली. १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ, म्हणजे आजचा ‘गोकुळ’, स्थापन झाला. बैलाच्या जोडीला दुभती म्हैस घराचा आधार बनली. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. सोबत युरिया आला, आणि नत्राची मात्रा जास्त झाली की ज्वारीत दोन्ही विषे वाढतात.

२२/
उसाबरोबर नवी वैरणही आली : गळीत हंगामातील हिरवे वाढे. ऊसतोड सुरू झाली की वाढ्यांच्या मोळ्या गोठ्यागोठ्यांत पोहोचतात. वाढ्यात सायनाइडचे भय नाही. तिथे ऑक्झॅलेट असते. ते जनावराच्या पोटातील कॅल्शियमला बांधून टाकते. महिनोन्‌महिने केवळ वाढ्यांवर ठेवलेली म्हैस हळूहळू कॅल्शियम गमावते, हाडे कमजोर होतात, दूध घटते, मुतखड्याचा त्रास उद्भवतो. म्हणून चुन्याची निवळी किंवा खनिज मिश्रण द्यावे, वाढ्यांत दुसरी वैरण मिसळावी, असे सांगितले जाते. किराळ मिनिटांत बोलते, ऑक्झॅलेट हंगामभर गप्प राहते.

२३/
तिसरा धोका नदी आणते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेने शिरोळ तालुका वेढला. माणसांबरोबर गुरेही हलवावी लागली. पाणी ओसरल्यावर गोठ्यापुढे उरते ती गाळाने माखलेली, कुजट, बुरशी लागलेली वैरण. बुरशीच्या विषाकडे जगाचे लक्ष गेले ते १९६० मध्ये, इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले तेव्हा. दोष भुईमुगाच्या पेंडीतील बुरशीचा निघाला आणि ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव रूढ झाले. बुरशीच्या वैरणीतून आणि पेंडीतून ते दुधात उतरते. भारतात दुधातील त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. नृसिंहवाडीचे पेढे आणि बासुंदी ज्या दुधावर उभी आहेत, त्या दुधाची सुरुवात गोठ्यातल्या पेंढीपासून होते.

२४/
या प्रदीर्घ इतिहासातून वैरण तपासण्याची आजची रीत अशी घडली आहे. कडवळ निम्मे-अधिक फुलोऱ्यात आल्यावर कापावे. पावसाचा खंड पडलेल्या पिकावर आणि फुटव्यांवर गुरे सोडू नयेत. शंका असल्यास पानांचा ताजा नमुना, हवाबंद पिशवीत, थंड ठेवून, त्याच दिवशी पशुवैद्याकडे द्यावा. पिक्रेटची पट्टी सायनाइड दाखवते. नायट्रेटसाठी डायफिनाइलअमाइनची चाचणी असते, तिच्यात धाटाचा छेद गडद निळा होतो. बुरशीचा वास आला की पेंढी बाजूला काढावी. यांतील पहिल्या दोन गोष्टी शिरोळच्या जुन्या शेतकऱ्याला नव्या वाटल्या नसत्या.

२५/
पण त्या शेतकऱ्याच्या नातवाला त्या नव्या वाटू शकतात. शिवारातून जोंधळा हटला, तसे त्याच्याविषयीचे ज्ञानही हटले. पाण्याच्या टंचाईच्या वर्षी बाहेरून हिरवी ज्वारी विकत आणली जाते, तेव्हा ती कोणत्या रानात, किती दिवसांची, किती पावसावर वाढली हे विकत घेणाऱ्याला दिसत नाही. वय, पाऊस आणि भूक या जुन्या तीन मापांपैकी दोन ट्रकमागे राहून जातात. तिथे कागदाच्या पट्टीची गरज खरी सुरू होते.

२६/
१९०२ चा निबंध आणि १९०६ ची पट्टी यांनी वाचवलेल्या गुरांची मोजदाद करता येणार नाही. त्यांनी आणखी एक काम केले. मेलेल्या बैलाभोवती जमलेल्या गावाला, पोलीस पाटलाला आणि न्यायाधीशाला विचारता येईल असा नवा प्रश्न दिला : बैलाने शेवटचे काय खाल्ले होते? हा प्रश्न आधी विचारला गेला असता, तर गावाबाहेरच्या वस्तीतील कित्येकांच्या दारावर रात्री थाप पडली नसती. ज्वारी त्या काळीही हिरवी होती आणि पुरावा तिच्याच पानात होता.